शस्त्रक्रिया की सावध प्रतीक्षा?

रोगाचे निदान झाले की उपचार तत्काळ सुरू झाला पाहिजे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. घटसर्प किंवा विषमज्वर यांसारख्या रोगांत ती यथार्थही आहे. परंतु काही विकार असे असतात की, त्यांत ‘कोणता उपचार करावा?’ या प्रश्नाच्या आधी ‘उपचार आताच हवा काय?’ हा प्रश्न डॉक्टरांना सोडवावा लागतो. उतारवयात पुरुषांना जडणारे अष्ठीला ग्रंथीचे विकार हे याचे उत्तम उदाहरण होय.

अष्ठीला ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, ही केवळ पुरुषांतच असते. तारुण्यात तिचा आकार साधारणतः अक्रोडाएवढा असतो. वीर्यातील द्रवाचा काही अंश ती पुरविते. मूत्राशयाच्या तोंडाशी ती वसलेली असून मूत्रमार्ग तिच्यामधूनच खाली उतरतो. या रचनेतच पुढील साऱ्या त्रासाचे मूळ आहे. उतारवयात पुष्कळ पुरुषांची ही ग्रंथी हळूहळू वाढू लागते व तिच्यामधून जाणारा मार्ग आवळला जातो. मग लघवीची धार बारीक होते, रात्री पुनःपुन्हा उठावे लागते आणि मूत्राशय पुरते रिकामे झाल्याचे समाधान लाभत नाही. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचे रूपांतर कर्करोगात होते असेही नाही.

या वाढीवर काय करावे, हे केवळ ग्रंथीच्या आकारमानावरून ठरत नाही. एखाद्याची ग्रंथी बरीच मोठी असूनही त्याला फारसा त्रास होत नाही, तर दुसऱ्यास थोडीशी वाढही हैराण करिते. म्हणून त्रासाचे मोजमाप करण्यासाठी सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात ० ते ३५ गुण असतात. ७ पर्यंत गुण असल्यास त्रास सौम्य आणि २० किंवा अधिक असल्यास तीव्र समजला जातो. सौम्य त्रासात झोपण्यापूर्वी पाणी व चहा कमी घेणे आणि ठराविक काळाने तपासणी करविणे एवढे बहुधा पुरते. त्याहून अधिक त्रासावर दोन प्रकारची औषधे आहेत. एक प्रकार मूत्राशयाच्या मुखाजवळील स्नायू सैल करितो. त्याचा गुण काही दिवसांतच दिसतो. दुसरा ग्रंथीचा आकार कमी करितो. परंतु त्यासाठी सुमारे सहा महिने धीर धरावा लागतो.

मात्र लघवी वारंवार तुंबू लागली, मूत्रपिंडांस इजा पोहोचली, मूत्राशयात खडे झाले, अथवा जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव पुनःपुन्हा होऊ लागला, तर दिरंगाई घातक ठरते. अशा वेळी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा वाढलेला भाग काढून टाकतात.

कर्करोगाच्या बाबतीत निर्णय अधिक अवघड होतो. १९९० नंतरच्या दशकात पी. एस. ए. या प्रथिनाची रक्तातील पातळी मोजण्याची चाचणी प्रचारात आली आणि कोणतेही लक्षण दिसण्यापूर्वीच कर्करोग सापडू लागला. परंतु ही पातळी साध्या वाढीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळेही चढते. शिवाय सापडलेल्या कर्करोगांपैकी अनेक इतके मंदगती असतात की, रुग्णाला आयुष्यभर त्यांचा उपद्रवही झाला नसता. उलट काही वेगाने पसरतात व प्राण घेतात. एकास अनावश्यक शस्त्रक्रियेपासून वाचवावयाचे आणि दुसऱ्यास वेळीच उपचार द्यावयाचा, असा हा दुहेरी पेच आहे.

तो सोडविण्यासाठी ब्रिटनमध्ये एक मोठा प्रयोग झाला. १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वर्षे वयाच्या ८२,००० हून अधिक पुरुषांची ही रक्तचाचणी करण्यात आली. ज्यांचा कर्करोग ग्रंथीपुरताच मर्यादित होता, अशांपैकी १,६४३ जणांनी आपला उपचार यदृच्छेने ठरविला जाण्यास संमती दिली. त्यांचे तीन गट झाले: एकास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास किरणोपचार आणि तिसऱ्यास केवळ देखरेख. देखरेखीच्या गटातील रुग्णांची रक्तचाचणी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व नंतर सहा ते बारा महिन्यांनी होई. पातळी लक्षणीय चढल्यास फेरविचार केला जाई.

सुमारे पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के आणि किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के होते. हा फरक इतका अल्प आहे की, त्यावरून कोणताही एक मार्ग अधिक जीवरक्षक ठरत नाही. देखरेखीच्या गटातील सुमारे एक चतुर्थांश पुरुष तर कोणताही उपचार न घेता हयात होते.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात ९.४ टक्के होते. इतर दोन गटांत ते सुमारे ५ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मे होते. याउलट उपचारांनाही त्यांची किंमत होती. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुषांना लघवी झिरपत असल्यामुळे शोषक घड्या वापराव्या लागत होत्या. सहा वर्षांनंतरही हे प्रमाण १७ टक्के होते, तर देखरेखीच्या गटात ८ टक्के. शस्त्रक्रियेमुळे लैंगिक क्षमतेस सर्वाधिक बाधा आली, तर किरणोपचारानंतर काहींना आतड्यांचे विकार जडले.

हे निष्कर्ष प्रत्येक रुग्णास सरसकट लागू करता येत नाहीत. या प्रयोगातील बहुतेकांचा कर्करोग कमी किंवा मध्यम धोक्याचा होता. ग्रंथीचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले असता पेशी उग्र स्वरूपाच्या आढळल्या, अथवा रोग ग्रंथीबाहेर गेला असला, तर प्रतीक्षेचा सल्ला दिला जात नाही. आता तुकडे काढण्यापूर्वी एम. आर. आय. चित्रण करण्याचा प्रघात पडल्याने मंद व उग्र रोगांतील भेद ओळखणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे.

सावध प्रतीक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे यावरून ध्यानी येईल. तपासण्या चुकविणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ती केवळ बेपर्वाई ठरते. नियमितपणे तपासणी करविणाऱ्यास मात्र ती घाईच्या शस्त्रक्रियेच्या दुष्परिणामांपासून दूर ठेवते. रोग पसरण्याचा थोडा अधिक धोका पत्करावा की उपचाराने येणारे व्यंग पत्करावे, याचे एकच उत्तर सर्वांसाठी विज्ञान देऊ शकत नाही. दोन्ही पारड्यांत काय आहे ते स्पष्टपणे मांडणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. आणि ते समजून घेऊन, स्वतःचे वय, प्रकृती व जीवनक्रम यांचा विचार करून निवड करणे हा रुग्णाचा अधिकार आहे.