नऊ मिलिमीटरची बार्शी लाईट

762 ला 87 ने भागा. उत्तर येतं 8.76. छोट्या रेल्वेचा नाद लागलेल्या सांगली-मिरजेच्या माणसानं खिशात हात घालण्याआधी एवढा भागाकार करावा.

बार्शी लाईटचे रूळ अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरचे. 1:87 या जगभर रूढ असलेल्या प्रमाणात ते जेमतेम नऊ मिलिमीटर भरतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ ‘एन गेज’ नावानं तयार मिळतात. ते असतात 1:160 च्या मोठ्या गाड्यांसाठी. म्हणून नॅरोगेजवाल्यांची जुनी युक्ती अशी : एन गेज इंजिनाचा मोटर-चाकांसह सांगाडा घ्यायचा आणि वर आपल्या मापाचं कवच चढवायचं. या रुळांचे स्लीपर मात्र फार दाट दिसतात. एकाआड एक कापावेत, उरलेले मातीत बुडवावेत.

पहिल्याच वर्षी वाफेचं इंजिन करायला घेऊ नये. त्याचं कारण एव्हरार्ड कॅलथ्रॉप! 1897 साली बार्शी रोड (आजची कुर्डुवाडी) ते बार्शी ही लाइन सुरू करणाऱ्या या इंजिनिअरचा हट्ट होता, की कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. भार वाटायचा तर चाकं वाढणारच. किटसन कंपनीच्या इंजिनाला बारा चाकं आली, त्यांतली आठ ओढणारी. हलक्या रुळांवर त्यानं भरपूर माल वाहून दाखवला, पण टेबलावरच्या नऊ इंची वळणात एवढा लांब सांगाडा हमखास अडतो. त्यापेक्षा आधी वाघीण करावी. पंचवीस फुटी वाघीण 1:87 मध्ये पावणेनऊ सेंटिमीटरची होते. पुठ्ठा, पट्टी, धारदार ब्लेड, बस्स.

ही लाइन मिरजेला पोचली 1927 च्या नोव्हेंबरात. कॅलथ्रॉप त्याच वर्षी मार्चमध्ये गेला होता. इंग्लंडमधली त्याची लीक-मॅनिफोल्ड लाइन तर 1904 ते 1934 एवढीच चालली, तरी तिथले हौशी कारागीर अजून तिची इंजिनं घडवतात. आपली लाइन 2010 च्या सुमारापर्यंत धावत होती, आणि आपण मात्र तयार संचातली स्विस घरं मांडतो. मला हे पटत नाही.

एकदा पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून यावं. 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. पण तेवढा पसारा डोक्यात घेऊन परतू नये. मिरज जंक्शनचाही मोह टाळावा. एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज तिथं होती, म्हणजे घरची एक खोली गेलीच. कवठे महांकाळसारखं वाटेवरचं स्टेशन चार बाय दोन फुटांच्या फळीवर बसतं. माती तिकडचीच आणावी, चहाच्या गाळणीनं चाळावी, पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरावी.

राहता राहिली माणसं. 1:87 ची तयार माणसं युरोपातून हॅट घालूनच येतात. आषाढीच्या गाडीसाठी दोन सेंटिमीटरही नसलेल्या त्या साहेबांच्या हॅटा तासायच्या, लांबीचा ठिपका ठेवून पागोटी बांधायची आणि मग त्यांना टपावर बसवायचं.