न बोलता बोललेले

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वसतिगृहात नवे विद्यार्थी दाखल होतात. श्रीगोंदा तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरून आणि ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबांतून आलेली ही मुले पहिले काही दिवस फारशी बोलत नाहीत. तथापि ती मूक असतात, असे आम्ही म्हणणार नाही. दाराच्या चौकटीला खेटून उभे राहणे, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणे, पंगतीत ताट छातीशी ओढून घेणे ही सारी वाक्येच होत.

देहाची ही भाषा दोन प्रकारची आहे. एक संकेताने ठरलेली. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर माराचे सैन्य तथागतांवर चालून आलेले दिसते. तथागतांचा उजवा हात मात्र शांतपणे भूमीला स्पर्श करतो. पृथ्वी साक्षी आहे, एवढेच तो हात सांगतो. तिलाच भूमिस्पर्श मुद्रा म्हणतात. उंचावलेला उघडा तळवा म्हणजे अभय. मुद्रांचे हे अर्थ ठरलेले असल्यामुळे शिकता येतात.

दुसरी भाषा नकळत उमटणारी, आणि तिथेच वाचणारा फसतो. एकदा खिडकीची काच फुटली. विचारणा होताच एका मुलाने मान खाली घातली. आम्ही ती कबुली समजलो आणि त्याला रागावलो. काच वाऱ्याने फुटल्याचे दुसऱ्या दिवशी कळले. वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर देऊ नये, हे तो घरी शिकला होता. त्याचा आदर आम्ही अपराध म्हणून वाचला.

खाली घातलेल्या मानेला आपल्याकडे आणखीही एक इतिहास आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाने अंतर राखून, वाकून जोहार घालावा, ही सक्तीची देहबोली होती. डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, अस्पृश्यतेची खूण ठरलेली पद्धत सोडण्यास सांगितले, ते याच जाणिवेतून. गावोगावच्या त्यांच्या पुतळ्यांतील ताठ कणा आणि उंचावलेले बोट अक्षरओळख नसलेल्या आजीलाही वाचता येते.

त्या काचेनंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हा हुकूम लहान वर्गांतून काढून टाकला. आणि नव्या मुलाशी बोलताना शिक्षक उभे राहत नाहीत. सतरंजीवर त्याच्या शेजारी बसतात. मान वर येण्यास कोणाला दोन दिवस लागतात, तर कोणाला दिवाळीपर्यंतचा काळ.