एकूण पानांचा आकडा आणि रखडणारे अहवाल

संगणकातील नोंदींचे मोठमोठे अहवाल कागदावर उतरवण्याचे काम पीडीएफच्या कितीतरी आधीचे आहे. आयबीएमने १९५९ मध्ये १४०१ या संगणकासोबत आणलेला १४०३ हा लाइन प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापत असे, आणि छापून झालेली ओळ मेमरीत सांभाळून ठेवण्याची गरज नसल्यामुळे अहवाल पाच पानांचा असो वा पाच हजार पानांचा, त्याला लागणारी मेमरी जवळपास तेवढीच राही.

अडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ प्रसिद्ध केले तेव्हा ही सोय त्याच्या रचनेतही राखलेली होती. पान, चित्र, फाँट अशा प्रत्येक घटकाला पीडीएफमध्ये ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात; कोणता ऑब्जेक्ट फाइलीच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे हे सांगणारी सूची, म्हणजे ‘क्रॉस-रेफरन्स टेबल’, एरवी फाइलीच्या अखेरीस येते आणि तिच्यातली प्रत्येक नोंद नेमकी २० बाइटची असते. सूची शेवटी असल्यामुळे पान तयार होताच ते लिहून मोकळे व्हावे, त्याची जागा तेवढी टिपावी आणि पुढे सरकावे, हे सहज शक्य होते.

अहवाल रखडू लागले ते त्यांच्यावर काम करणाऱ्या साधनांमुळे. २००१ पासून पुढे आलेल्या जॅस्पररिपोर्ट्सने संपूर्ण अहवाल आधी मेमरीत भरून घेण्याची आणि नंतर आयटेक्स्ट या लायब्ररीकरवी तो पीडीएफमध्ये उतरवण्याची दोन टप्प्यांची पद्धत रूढ केली. पुढे भरलेली पाने तात्पुरती डिस्कवर ठेवणारी ‘व्हर्च्युअलायझर’ ही सोय आली आणि मेमरी संपून काम बंद पडण्याचे प्रमाण घटले. पण ‘पान ३, एकूण ४१२’ अशी तळटीप हवी असली, की एकूण आकडा शेवटीच कळत असल्याने प्रत्येक पान पुन्हा उघडणे भाग पडे. आयटेक्स्टने यावर काढलेली तोड या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी म्हणावी लागेल: प्रत्येक पानावर एकाच रिकाम्या चौकटीचा निर्देश करून ठेवायचा आणि फाइल बंद करताना त्या एका चौकटीत आकडा लिहायचा, म्हणजे मागच्या एकाही पानाला हात न लावता तो सर्वत्र दिसतो.

कित्येकदा दोष डेटाबेसकडून माहिती आणण्याच्या रीतीतच असे. ओरॅकलचा जावा ड्रायव्हर, वेगळे सांगितले नाही तर, एका खेपेत १० ओळी आणतो. एक लाख ओळींसाठी अशा १०,००० खेपा होतात, आणि हा आकडा १,००० केला की त्या १०० वर येतात. उलट पोस्टग्रेसचा ड्रायव्हर ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की होण्याची सोय, बंद करून खेपेचा आकार ठरवून दिला नाही, तर सगळ्याच ओळी एकदम मेमरीत ओढून घेतो.

२००८ मधील डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ आणि २०१७ मध्ये आलेला पडद्याविना चालणारा क्रोम यांच्यामुळे वेबपानावरून पीडीएफ काढण्याची वाट प्रशस्त झाली, परंतु ब्राउझरला संपूर्ण तक्त्याची मांडणी आधी करावी लागत असल्याने जुना भार परत आला. मराठी अहवालांसाठी मात्र हा भार सोसण्याजोगा होता, कारण अनेक जुन्या लायब्रऱ्यांमध्ये ‘किंमत’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या नंतर उमटत असे आणि जोडाक्षरे सुटी पडत, तर ब्राउझर देवनागरी नीट जुळवतो. म्हणून ब्राउझर न सोडता त्याचा भार हलका करण्यासाठी माहितीचे तुकडे पाडून त्यांची स्वतंत्र पीडीएफ बनवणे आणि ती शेवटी एकत्र जोडणे हा मार्ग पुढे आला. त्यात प्रत्येक तुकड्यासोबत फाँटचा वापरापुरता वेगळा अंश येतो, ते अंश परस्परांशी न जुळल्याने फाइल फुगते, आणि एकूण पानांचा आकडा जोडणीनंतरच छापावा लागतो.