दुर्बिणीला दिसायचं तर आतडं स्वच्छ हवं

आजचा विषय जरा संकोचाचा आहे, पण बोलायलाच हवा. शौचावाटे रक्त पडलं की आपण म्हणतो, "मूळव्याध असेल," आणि गप्प बसतो. पुष्कळदा ती मूळव्याधच असते, पण दरवेळी नाही. म्हणून डॉक्टर कधी कधी कोलोनोस्कोपी करायला सांगतात. म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी.

त्यात काय शोधतात? आतड्याच्या आतून चामखिळीसारखी वाढ होते, तिला पॉलिप म्हणतात. सगळ्याच पॉलिपचा कर्करोग होत नाही. काहींचा होतो, पण त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. त्याआधी पॉलिप सापडला तर बहुतेक वेळा त्याच दुर्बिणीतून काढता येतो आणि कर्करोग टळतो.

पण सापडायला हवा ना! काही पॉलिप चपटे असतात, काही आतड्याच्या घड्यांमागे दडतात. साडीच्या निऱ्यांत टाचणी हरवावी तसे. त्यात आतड्यात मळ उरला असेल, तर चांगल्या डॉक्टरांनाही ते दिसत नाहीत.

आमच्या गटातल्या एका काकूंचं असंच झालं. एसटीत शौचाला लागलं तर काय करायचं, या भीतीने त्यांनी पहाटेचं औषध घेतलंच नाही. तपासणी वाया गेली. पुन्हा खर्च, पुन्हा मजुरी बुडाली.

म्हणून आपल्या हातात काय आहे ते ऐका. दोन-तीन दिवस आधी पालेभाज्या, उसळी, भाकरी, पेरू, वांगी, तीळ बंद. मऊ भात चालतो. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तसं पातळच घ्यायचं. नारळपाणी चालतं, पण बीट किंवा कोकमाचं लाल सरबत नको, ते रक्तासारखं दिसतं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. त्यांनी मळ काळा, चिकट होतो, म्हणून त्या काही दिवस थांबवतात. मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेही सांगा.

जुलाबाचं औषध दोन वेळा घेतलं तर आतडं जास्त साफ होतं: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. शौचाला फिकट पिवळं, स्वच्छ पाणी होऊ लागलं की आतडं साफ झालं. गाव लांब असेल तर दुपारची वेळ मागा, नाहीतर आदल्या रात्री तिथेच नातेवाइकांकडे मुक्काम करा.

पुढचं काम डॉक्टरांचं. दुर्बीण आतड्याच्या टोकापर्यंत नेऊन ती सावकाश मागे घेत, निदान सहा मिनिटं प्रत्येक घडी पाहायची असते. तपासणीनंतर तीन प्रश्न न लाजता विचारा: आतडं नीट साफ होतं का? दुर्बीण टोकापर्यंत पोचली का? काही काढलं असेल तर त्याचा रिपोर्ट कधी मिळेल?

शौचात रक्त, सवयीत बदल, कारण नसताना घटलेलं वजन किंवा गोळ्या घेऊनही न वाढणारं रक्त, यातलं काही असेल तर आशाताईंना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि गटातली कुणी तपासणीला निघाली, तर एकीने तिच्यासोबत जा. औषध पिताना जवळ बसायला कुणीतरी हवं असतं.