घरट्यातील भाषा आणि तिचे शिक्षक

अळूचा कंद मातीत रुजला की त्याच्याभोवती लहान लहान कोंब फुटतात, हे आपल्या परसातील नित्याचे दृश्य आहे. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर अळू म्हणजे नुसती पालेभाजी नव्हे. त्याचा कंद हे तेथील पूर्वापार चालत आलेले मुख्य अन्न होय. तेथील भाषेत या कोंबांना ‘ओहा’ म्हणतात आणि त्यावरूनच कुटुंबाला ‘ओहाना’ हे नाव पडले, असे जाणते लोक सांगतात. त्याच भाषेत ‘कुमु’ म्हणजे झाडाचा बुंधा, आणि शिक्षकालाही ‘कुमु’च म्हणतात. बुंधाच वाळला तर नवे कोंब फुटावेत कोठून? काही दशकांपूर्वी हवाईच्या लोकांपुढे नेमका हाच प्रश्न येऊन ठाकला होता.

एके काळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते. १८२२ साली तेथे हवाई भाषेतील मुद्रणास आरंभ झाला आणि थोड्याच वर्षांत साक्षरता झपाट्याने वाढली. १८३४ ते १९४८ या काळात त्या भाषेत सुमारे शंभर वृत्तपत्रे निघाली. परंतु १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले, आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागली. साहजिकच, आपल्या वाट्याला आले ते लेकरांच्या वाट्याला नको, असे म्हणून आईबापांनी घरातही ती भाषा टाकली. १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेत सामील झाली. १९८० च्या सुमारास, नीइहाउ हे छोटे बेट वगळता, ही भाषा सहजपणे बोलणारी अठरा वर्षांखालील मुले पन्नासदेखील उरली नव्हती, असा अंदाज आहे.

१९७८ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन हवाई भाषेला इंग्रजीच्या जोडीने राजभाषेचा मान मिळाला. पण राजमान्यतेने मूल बोलू लागत नाही; त्याच्याशी कोणीतरी बोलावे लागते. न्यूझीलंडमधील माओरी लोकांनी १९८२ मध्ये बालकांसाठी ‘भाषेची घरटी’ उघडली होती. त्यांचा कित्ता गिरवून १९८३ साली काही भाषाप्रेमी अध्यापकांनी हवाईत ‘आहा पूनाना लेओ’ ही संस्था स्थापली. ‘पूनाना लेओ’ म्हणजे आवाजांचे घरटे. पहिले घरटे १९८४ मध्ये कौआई बेटावरील केकाहा गावी सुरू झाले. तेथे बालकांच्या कानी दिवसभर हवाईच पडावी, हा एकच नियम.

पण शिकवणार कोण? ज्या वृद्धांच्या जिभेवर भाषा नांदत होती त्यांच्यापाशी अध्यापनाचे प्रमाणपत्र नव्हते, आणि ज्यांच्यापाशी प्रमाणपत्र होते त्यांना भाषा येत नव्हती. बालशाळांचे नियम मात्र प्रमाणपत्रच मागत होते. पालकांनी विधिमंडळाकडे धाव घेतली, तेव्हा १९८६ मध्ये या बालशाळांना त्या अटीतून सूट मिळाली आणि सरकारी शाळांतील हवाई माध्यमावरील बंदीही उठली. पुढच्याच वर्षी दोन सरकारी प्राथमिक शाळांत हवाई माध्यमाचे वर्ग सुरू झाले. पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून शिक्षक आणि पालक इंग्रजी पुस्तकांतील मजकुरावर हवाई भाषांतराच्या चिठ्ठ्या चिकटवीत बसत.

वृद्ध मंडळी एकेक करून काळाच्या पडद्याआड जाऊ लागली, तसा भार तरुणांवर आला. मात्र या तरुणांपैकी बहुतेकांनी ही भाषा मोठेपणी, वर्गात बसून शिकलेली. येथेच खरी कसोटी आहे. इतर देशी शिक्षकाचे बोलणे चुकले, तर मुलाला घरी-दारी ते सुधारता येते. येथे मात्र शिक्षकाची चूक हेच उद्याचे व्याकरण होण्याचा धोका! हवाईत ‘माझे’ या अर्थाचे दोन शब्द आहेत : आईवडिलांसाठी एक, आपल्या मुलासाठी दुसरा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत मराठीप्रमाणेच तेथेही भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळून ‘माकोउ’, त्याला सामावून घेऊन ‘काकोउ’. इंग्रजीत वाढलेल्याच्या तोंडून हे बारकावे सहज निसटतात.

म्हणून १९९७ साली हिलो येथील विद्यापीठात हवाई भाषेचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले. आग्रहाने स्वभाषाच बोलणाऱ्या राजकन्या केएलिकोलानी हिचे नाव त्याला देण्यात आले. ‘काहुआवाईओला’ हा तेथील अध्यापक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम संपूर्णपणे हवाई माध्यमातून चालतो. पदवी आणि भाषेवर प्रभुत्व, या दोहोंशिवाय त्यात प्रवेश नाही. आधी उन्हाळ्यात सघन वर्ग, नंतर वर्षभर हवाई माध्यमाच्या शाळेत अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली प्रत्यक्ष अध्यापन, असा त्याचा क्रम आहे. भाषेबरोबरच आचरण, परंपरागत ज्ञान आणि श्रद्धा यांचीही जोपासना शिक्षकाने करावी, अशी त्यामागील धारणा आहे.

अस्सल उच्चार कानी पडावेत म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणांचा आधार घेतला जातो. लॅरी किमुरा या प्राध्यापकांनी १९७२ पासून आकाशवाणीवर वृद्ध भाषकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्या आज मोलाचा ठेवा ठरल्या आहेत. विज्ञान-गणितासाठी नवे शब्दही घडवावे लागले. संगणकाला ‘लोलोउइला’, म्हणजे विजेचा मेंदू, हा शब्द रूढ झाला तो असाच.

१९९९ मध्ये हवाई माध्यमातून शालान्त शिक्षण पुरे केलेली पहिली मुले बाहेर पडली. घरट्यांत वाढलेल्यांपैकी काही जण आज स्वतः ‘कुमु’ झाले आहेत, आणि काहींच्या घरी तान्ह्या बाळाचे पहिले बोल पुन्हा हवाईत उमटत आहेत. अजूनही शाळांना पुरेसे शिक्षक मिळत नाहीत. कार्य सिद्धीस गेले असे कोणी म्हणणार नाही. परंतु वाळू लागलेल्या बुंध्याला पालवी फुटली आहे, हे खास.

परप्रांती राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुले शाळेत एक भाषा बोलतात आणि आजीशी दुसरी. हवाईत शाळेने भाषा हिरावली आणि शाळेनेच ती परत आणली. पण मधल्या काळात ती राखली ती आजी-आजोबांनी. संध्याकाळच्या जेवणाच्या पंगतीला मुलांशी काय आणि कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरविताना त्या वृद्धांचे स्मरण ठेवावयास हरकत नाही.