बर्फावरील हॉकीचे थेट प्रक्षेपण : दृश्यबदल आणि विराम

चित्रपटाच्या संदर्भात ‘व्याकरण’ हा शब्द आता इतका रुळला आहे की ते एक रूपक आहे ह्याचे भान सहसा राहत नाही. दृश्यामागून दृश्य जोडण्याचे जे संकेत, त्यांना हे नाव दिले जाते. परंतु जोडणाऱ्यास जेथे निवांतपणा मुळीच नसतो, घटना घडत असतानाच निवड करावी लागते, तेथे ह्या संकेतांचे काय होते? कॅनडा व अमेरिका येथील बर्फावरील हॉकीचे थेट प्रक्षेपण ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

आपल्या परिचयाच्या मैदानी हॉकीहून हा खेळ बराच निराळा. सुमारे २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा बर्फाच्या रिंगणात दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू स्केट्सवर धावतात. चेंडूच्या जागी ‘पक’ नावाची काळी रबरी चकती असते. तिचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच. जोराच्या फटक्यासरशी ती ताशी १५० किलोमीटरांहूनही अधिक वेगाने जाते. कॅनडाच्या सीबीसी ह्या संस्थेने १९५२ साली माँट्रिअल व टोरोंटो येथून ह्या खेळाचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण सुरू केले. आज मोठ्या सामन्यास डझनाहून अधिक कॅमेरे असतात. तरीही खेळ चालू असताना पडद्यावर बहुतेक वेळ एकच दृश्य दिसते : मध्यरेषेच्या समोर, प्रेक्षागारात उंचावर बसवलेल्या मुख्य कॅमेऱ्याचे. पंचाची शिटी वाजली की मगच समीपदृश्ये येऊ लागतात. चित्रपटात मुरलेल्यास हा प्रकार काहीसा दरिद्री वाटेल.

तो तसा का आहे, ह्याचे उत्तर चकतीपाशी नसून प्रेक्षकापाशी आहे. जाणता प्रेक्षक चकती सतत पाहत नाहीच. तो तिचा अंदाज बांधतो. खेळाडूंच्या खांद्यांचा कल, काठ्यांची दिशा, गोलरक्षकाचे एका बाजूस सरकणे, ह्यांवरून ती कोठे असावी हे त्याला कळते. भाषाभ्यासकास ही क्रिया अपरिचित नाही. १९७० साली रिचर्ड वॉरन ह्यांनी एका वाक्यातील एक ध्वनी काढून तेथे खोकल्याचा आवाज घातला, तेव्हा श्रोत्यांना तो गाळलेला ध्वनी ऐकू आल्यासारखाच वाटला. संदर्भाने उणीव भरून काढली. हॉकीच्या पडद्यावर दहा-बारा देहांची परस्परसापेक्ष मांडणी हाच तो संदर्भ होय. समीपदृश्य घेताच नेमका तोच नाहीसा होतो.

अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीने १९९६ साली चकतीत यंत्रणा बसवून पडद्यावर तिच्याभोवती निळसर आभा दाखवण्यास प्रारंभ केला. वेग वाढला की मागे लाल शेपूट उमटे. नवख्यांची सोय झाली असेल, परंतु जाणत्यांना ती चेष्टा वाटली, आणि १९९८ नंतर तो प्रयोग पुढे चालला नाही. एक शब्द अधोरेखित केल्याने वाक्याचा अन्वय लागत नाही, असेच ह्याबाबत म्हणावे लागेल.

शिटीस पूर्णविराम म्हणण्याचा मोह होतो. तथापि येथे एक भेद आहे : बोलणारा आपला विराम आपण घेतो, येथील विराम दिग्दर्शकाच्या हाती नसून पंचाच्या हाती असतो. राखून ठेवलेल्या दंडाच्या प्रसंगी ही अडचण विशेष जाणवते. नियमभंग होताच पंच हात उंचावतो. परंतु अपराधी संघाच्या ताब्यात चकती येईपर्यंत खेळ थांबत नाही. दुसरा संघ तेवढ्यात आपला गोलरक्षक बाहेर बोलावून एक जादा आक्रमक उतरवतो. हात दाखवावा तर हल्ला निसटतो. हल्ला दाखवावा तर गोल मोकळा का सोडला, हे अनभिज्ञास उमगत नाही. कुशल दिग्दर्शक बहुधा विस्तृत दृश्य तसेच ठेवतो आणि कारण सांगण्याचे काम समालोचकावर सोपवतो. ‘कारण’, ‘जरी’, ‘तोपर्यंत’ अशा गौणवाक्यांचा भार चित्राला पेलत नाही. तो शब्दाने उचलावयाचा असतो.

खरी कसोटी पुनर्दर्शनाच्या वेळी लागते. शिटी वाजल्यापासून चकती पुन्हा बर्फावर टाकली जाईपर्यंतचे काही क्षणच दिग्दर्शकाचे स्वतःचे. गोलाच्या मागील कॅमेऱ्याने टिपलेला सुंदर बचाव पडद्यावर अजून अर्धाच झालेला असतो, आणि वर्तुळात दोन खेळाडू काठ्या टेकवून वाकलेले असतात. अशा वेळी तो बचाव अर्ध्यावर टाकून मुख्य कॅमेऱ्याकडे परतावे लागते.