तेरडा

'तेरड्याचा रंग तीन दिवस' अशी मराठीत एक म्हण आहे. एखाद्याचा आरंभीचा उत्साह लवकर ओसरला, म्हणजे लोक ती वापरतात. तेरड्याचे एकेक फूल थोड्याच दिवसांत गळून पडते, हे खरे. परंतु त्याच झाडावर कळ्यांमागून कळ्या उमलत राहतात आणि बहर कित्येक आठवडे टिकतो.

तेरडा हे एका पावसाळ्याचे झाड होय. ते साधारणपणे एक ते दोन फूट उंच वाढते. त्याचे खोड मांसल व पाणीदार असते. पाने लांबट, टोकदार व कातरलेल्या कडांची असतात. फुले गुलाबी, तांबडी, जांभळी किंवा पांढरी असतात. फुलाच्या मागे एक बारीक, वाकडी शेपटी असते. तिच्यात साठलेल्या मधासाठी मधमाश्या व फुलपाखरे येतात.

घरच्या बागेत तेरडा लावणे अवघड नाही. पहिल्या पावसाने जमीन ओली झाली, की माती भुसभुशीत करून तीत कुजलेले शेणखत मिसळावे. बी वरवर पेरून त्यावर मातीचा पातळ थर पसरावा. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसू लागतात. रोपे बोटभर उंच झाली, म्हणजे दाटीतील रोपे काढून वीत-दीड वीत अंतरावर लावावीत. पेरणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी फुले येतात.

तेरड्याला ओलावा हवा असतो, परंतु साचलेले पाणी सोसत नाही. त्याने खोड कुजते. म्हणून वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा. पावसाने उघडीप दिली, की झाड लवकर माना टाकते. अशा वेळी सायंकाळी बुंध्याशी पाणी घालावे. सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशी जागा त्याला विशेष मानवते.

फुले गळल्यावर लहान, लवदार बोंडे धरतात. बोंड पिकत जाते तसतसा त्याच्या पाच पाकळ्यांवर ताण वाढत जातो. पिकलेल्या बोंडाला नुसता स्पर्श झाला, तरी त्या पाकळ्या झटकन आत वळतात आणि बिया काही फूट दूर उडतात. तेरड्याचे शास्त्रीय नाव 'इम्पेशन्स बाल्सामिना' असे आहे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांच्या १७५३ सालच्या ग्रंथात ते आढळते. 'इम्पेशन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'उतावीळ' असा आहे.

बी पडले, की झाडाचे आयुष्य संपते. पुढच्या वर्षीचा तेरडा केवळ त्या बियांतच असतो. कोकणात अनेक घरी भाद्रपदात तेरड्याची रोपे मुळासकट आणून त्यांची गौर पुजतात. त्या वेळी सगळीच रोपे उपटली, तर बी धरणार कोठून? म्हणून वाफ्यातील दोन-चार निकोप रोपे बियांसाठी राखावीत. चांगली रोपे उपटून किडकी मागे ठेवली, तर पुढच्या वर्षी तशीच दुबळी रोपे येण्याचा संभव असतो.

जी गोष्ट वाफ्याची, तीच रानाची. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर तेरड्याच्या रानटी जाती पावसाळ्याच्या अखेरीस फुलतात आणि पठार गुलाबी दिसू लागते. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर या पठाराचा २०१२ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. तेथे खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे. बी धरण्यापूर्वीच ही झाडे तुडवली किंवा तोडली गेली, तर त्यांचा वंश त्या जागी खुंटतो. म्हणून रानातील तेरडा पाहावा. तोडावयाचा तो घरच्या वाफ्यातला.

बोंडे फिकट पिवळी दिसू लागली, की ती ओंजळीत धरून हलकेच दाबावीत, म्हणजे बिया हाती येतात. त्या सावलीत वाळवून, कोरड्या राखेत मिसळून बाटलीत भरून ठेवाव्यात. पुढच्या पावसाळ्यात वाफा तयार झाला, की त्याच बिया पेरता येतात.